खंडेरावांनी मॉनिटर उलटा केला

बोईसरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं फिटर असलेल्या खंडेरावांचं एक ठाम मत होतं. यंत्र कुठलंही बंद पडो, त्यात एक तर हवा अडकलेली असते, नाही तर वीज. तिसरं काही नसतंच! १९९९च्या मे महिन्यातल्या एका रविवारी, सालवडच्या त्यांच्या दोन खोल्यांत, या मताची परीक्षा झाली.

त्यांच्या मुलीला, नर्मदेला, कराडचं स्थळ आलं होतं. मुलगा पुण्यात कंप्युटरच्या कामात, म्हणून त्याने फोटोबरोबर आपल्या वाढदिवसाचं शूटिंग सीडीवर पाठवलं होतं. रविवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं, कारण सोमवारी ती मंडळी दुसरी मुलगी बघायला जाणार होती. नर्मदेने फोटो पाहूनच मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. पण घरात शेवटचा शब्द आजीचा. साखरबाई त्यासाठी गावाहून आल्या होत्या आणि सकाळी नऊपासून घरातल्या कंप्युटरसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

सीडी घातली. सनई वाजली. "अजून एक लाडू वाढा की!" असं कुणीतरी म्हणालं. पडदा मात्र तव्यासारखा काळा.

"खंडू, पोरगं रेडिओत कामाला हाय का रं?" साखरबाईंनी विचारलं.

खंडेरावांनी सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, परत लावल्या. मग मागच्या जाळीतून सायकलच्या पंपाने हवा मारली. धूळ निघाली, मुलगा निघाला नाही!

शेवटी शेजारच्या पाम गावातल्या झिपरूला बोलावलं. तो बोईसरच्या कंप्युटर क्लासात शिकवायचा.

"काका, यात हवा नाय न् वीज नाय. कोडेक नाय."

"म्हणजे काय?"

"शूटिंग लय मोठं असतं. घडी घालून सीडीत भरतात. ती घडी उलगडायला जो प्रोग्राम लागतो, त्याला कोडेक म्हणतात. आवाजाचा तुमच्याकडं हाय, चित्राचा नाय."

"मग टाक ना, वाट कसली बघतोस?"

झिपरूने फ्लॉपीवरून एक कोडेक चढवला. चित्र आलं! मुलगा वटवाघळासारखा छताला लटकून जेवत होता. ताट त्याच्या वर होतं आणि आई ओवाळत होती त्या निरांजनाची ज्योत खाली जात होती.

"हा जुना हाय," झिपरू ओशाळून म्हणाला. "बरोबरचा मी उद्या वसईवरनं आणतो."

"उद्या? उद्या ते दुसऱ्या मुलीकडे पोहे खात असतील! अरे, मोटर उलटी फिरली तर आम्ही नवी मोटर मागवत नाही. दोन वायरींची अदलाबदल करतो. उलट्याला उलटं केलं की सुलट!"

असं म्हणून त्यांनी चौदा इंची मॉनिटर उचलला आणि दोन उशांवर डोक्यावर उभा केला.

"काका, नको..."

"का नको?"

"फुटला तर मी इथं नव्हतो."

मॉनिटर फुटला नाही. मुलगा सरळ बसून जेवू लागला. साखरबाईंनी चष्मा पुसून अर्धा मिनिट पाहिलं आणि हात वर केला.

"बंद कर! पोरगं डाव्या हातानं जेवतंय! आई डाव्या हातानं ओवाळतीय! पोरगं आईवर गेलंय. देवाला नैवेद्य पण डाव्या हातानं दावत असतील. नकार कळव."

"आई, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"खंडू, कळव!"

एक वाजता खंडेरावांनी एसटीडी बूथवरून कराडला फोन केला. "मुलगा डावखुरा आहे, आईवर गेलाय, असं आमच्या मातोश्रींचं म्हणणं आहे." पलीकडून फोन ठेवला गेला.

घरी नर्मदा डोळे लपवायला म्हणून भिंतीवरच्या आरशाकडे तोंड करून उभी होती. शूटिंग कुणी बंद केलंच नव्हतं. एकाएकी ती ओरडली, "आजी, इकडे ये! आरशात बघ!"

आरशातला मुलगा उजव्या हाताने लाडू खात होता. साखरबाईंनी पडद्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, परत पडद्याकडे पाहिलं.

"तिकडं डावा, हिकडं उजवा! पोरगं हाय का बहुरूपी?"

"काका," झिपरू दारातून म्हणाला, "चित्र फक्त वर-खाली उलटलं व्हतं. तुमी मॉनिटर फिरवलात, तवा डावं-उजवं उलटलं. आरशात ते परत सुलट झालं."

खंडेराव चप्पल न घालताच बूथकडे धावले.

"बापूसाहेब, माफ करा! दोष कंप्युटरचा होता, मुलाचा नव्हे! मुलगा उजवाच आहे!"

पलीकडून मुलाचे वडील दबक्या आवाजात म्हणाले, "आता लाजवू नका, खंडेराव. सात वर्षांचा होईपर्यंत तो डावखुराच होता. अगदी त्याच्या आईसारखा. दोघांचीही सवय आम्ही मोडली. भावकीत कुणाला माहीत नाही, आणि तुमच्या मातोश्रींनी नुसत्या शूटिंगवरून ओळखलं! लपवलं ही आमची चूक. आता तुमचा विचार काय तो कळवा."

खंडेराव घरी आले. आईला सांगावं की नाही, हे त्यांना उंबऱ्यापर्यंत ठरवता आलं नाही. पण नर्मदेचा चेहरा पाहून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साखरबाईंनी शांतपणे पान लावलं.

"कबूल केलं, म्हंजी माणसं खरी हायती. होकार कळव."

त्या रविवारी खंडेरावांनी तिसऱ्यांदा कराडला फोन लावला.

सोमवारी झिपरू वसईवरून बरोबरचा कोडेक घेऊन आला. साखरबाईंनी त्याला कंप्युटरला हात लावू दिला नाही.

"ऱ्हाऊ दे तसाच उलटा," त्या म्हणाल्या. "सरळ केल्यावर त्यात काय दिसणार हाय?"