कोमट आइस टी

विकणं ही काही कला वगैरे नाही, असं माझं ठाम मत होतं. समोरच्याला हवं ते समोरच्याच्या हातात द्यायचं, एवढंच! म्हणून त्या शनिवारी सकाळी नवरा डोक्याला हात लावून बसला, तेव्हा लेकीचे मोजे शोधता शोधता मी म्हटलं, "मी उभी राहते स्टॉलवर."

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर विमानात म्हणाले होते, पायलटला झोपू दे, मी चालवते.

त्याचं असं झालं. या परक्या देशात नोकरी करता करता नवऱ्याच्या डोक्यात आयातीचं खूळ शिरलं. बाटलीबंद आइस टी! पीच, लिंबू आणि डाळिंब. इथल्या लोकांना चहा माहीत, सरबत माहीत, पण थंड चहा म्हटलं की कपात माशी पडल्यासारखी तोंडं करायचे. अख्खा कंटेनर येऊन थडकला. गोदामात मावेना ती खोकी आमच्या हॉलमध्ये आली. टीव्ही पीचवर, इस्त्री लिंबावर, आणि लेक डाळिंबावरून उड्या मारतेय!

शेवटी एका मोठ्या सुपरमार्केटने संधी दिली. शनिवारभर स्टॉल लावा, लोकांना चव द्या, संध्याकाळी आमचे खरेदी अधिकारी येऊन बघतील. त्यांना पटलं तर सगळ्या शाखांमध्ये माल. नाही पटलं तर टीव्ही कायमचा पीचवर.

आणि स्टॉलसाठी ठरवलेल्या मुलीचा नेमका घसा बसला.

"कशाने बसला?" मी विचारलं.

"काल सरावासाठी बाटल्या दिल्या होत्या तिला," तो पुटपुटला.

"थंड?"

"अगं, आइस टी आहे तो! थंडच पिणार ना!"

मी नुसते डोळे मोठे केले. न बोलता बोलण्यात माझा हातखंडा आहे.

"पण तुला भाषा जमेल?"

"सगळ्यांशी बोलते की मी इथे!"

हे अगदी खरं. फक्त 'सगळे' म्हणजे मुलांचे डॉक्टर, त्यांची नर्स आणि औषधाच्या दुकानातल्या बाई. इथली भाषा मी जी काही शिकले, ती लेकीला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर. खोकला कोरडा की ओला, शेंबूड पांढरा की पिवळा, हे मी व्याकरणशुद्ध सांगू शकते. 'चवदार' आणि 'ताजंतवानं' हे शब्द मात्र दवाखान्यात कुणी वापरत नाही.

ते नवऱ्याने गाडीत पाठ करून घेतले. मग मला, लेकीला आणि थर्मासला स्टॉलवर उतरवून तो जादा माल आणायला गोदामाकडे पळाला. थर्मास म्हणजे माझ्या आईने दिलेला, चांगला पाच लिटरचा. लेक जिथे, गरम पाण्याचा थर्मास तिथे! तो घेतल्याशिवाय मी जिनासुद्धा उतरत नाही.

पहिलं गिऱ्हाईक आलं. लाल कोटातली एक बाई आणि तिचं बोट धरलेला छोटू. मी फ्रिजमधली बाटली काढली, हसले आणि "चवदार आणि..." इथपर्यंत पोहोचले. इतक्यात छोटू खोकला.

इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखणारे मेकॅनिक असतात ना? खोकल्याच्या बाबतीत माझं तसं आहे. पाठ केलेलं सगळं क्षणात उडालं!

"कधीपासून आहे?"

"सोमवारपासून." बाई दचकलीच. "रात्री जास्त."

"आडवा झाला की?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"मग हे थंड अजिबात नको. थांबा."

चव बघायचे कप बोटभर होते. त्यात थेंबभर पीच टाकला आणि वरून थर्मासमधलं पाणी. छोटू एका दमात प्यायला. बाईचे डोळे भरून आले. तिने मोबाइल काढून कुणाला तरी फोन केला. मला वाटलं, पोलिसांना! तर तिची बहीण आली. बहिणीला दोन मुलं, आणि दोघांचीही नाकं वाहत होती.

पुढे काय झालं ते मला धड सांगता येणार नाही, कारण मी कामात होते. दुपारपर्यंत स्टॉलसमोर रांग लागली. एक आजोबा छातीतली घरघर ऐकवून गेले. एका बाईंनी तर घरी झोपलेल्या नवऱ्याचा खोकला फोनवरून ऐकवला! लेक खोक्यावर उभी राहून घोषणा देत होती, "थंड नाही प्यायचं! खोकला होतो!" तेही इथल्या भाषेत. तिचे उच्चार माझ्याहून स्वच्छ आहेत, बालवाडीत जाते ना.

फ्रिजमधल्या बाटल्या जागच्या हलल्या नव्हत्या. पण दुकानाच्या मॅनेजरला लांबून फक्त गर्दी दिसत होती. त्याने खरेदी अधिकाऱ्यांना फोन केला. "साहेब, आत्ताच या! झुंबड उडालीय!"

साहेब आणि नवरा एकदमच आले. रांग बघून नवऱ्याची छाती फुगली. जवळ येऊन रांगेतलं बोलणं ऐकलं, तशी ती टाचणी लागल्यासारखी बसली.

"द्या बघू, मीही घेतो," म्हणत साहेबांनी फ्रिजमधली बाटली उचलली. आणि सणसणीत शिंकले!

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे स्पष्ट मराठीत म्हणत होते, पिऊ दे. मुकाट्याने पिऊ दे.

मी साहेबांचं नाक पाहिलं. लालबुंद!

"घसा दुखतोय?"

"जरासा."

"आ करा."

आणि त्यांनी केला! टाय लावलेला एवढा मोठा माणूस, भर दुकानात आ वासून उभा! मागची रांगही वाकून बघत होती.

"नको," मी म्हटलं. "तुम्हाला तर अजिबातच नको." लेकीने त्यांच्या हातातली बाटली काढून परत फ्रिजमध्ये ठेवली आणि दार लावून घेतलं.

मी त्यांना कोमट कप दिला. ते डोळे मिटून घोट घोट प्यायले. नवऱ्यानेही डोळे मिटले. त्याला बहुधा हॉल दिसत असावा.

"पाणी कधी भरलंत?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी, घरून निघताना."

"आणि अजून इतकं गरम?" ते नवऱ्याकडे वळले. "हे तुम्ही आयात करता? आम्हाला सगळ्या शाखांसाठी लागेल."

नवरा भानावर आला. "हो साहेब! कुठलं देऊ? पीच, लिंबू की..."

"थर्मास," साहेब म्हणाले.

घरी येऊन नवरा बराच वेळ लिंबावर बसून राहिला. मग म्हणाला, "अगं, आईंना फोन लाव. तो थर्मास कुठल्या दुकानातून घेतला होता, विचार."

आता दर शनिवारी त्याच जागी आमचा थर्मासचा स्टॉल असतो. आत गरम गरमच राहतं, हे लोकांना लगेच पटतं. पण थंडही तितकंच थंड राहतं, हे दाखवायला दर वेळी काहीतरी थंड ओतावं लागतं. सुदैवाने ते आमच्याकडे भरपूर आहे!

अर्थात, प्यायला आम्ही कुणाला देत नाही. कपात ओततो आणि फक्त बोट बुडवून बघायला सांगतो.

तेही आधी हात धुऊन. ती जबाबदारी नवऱ्याने माझ्यावर सोपवली आहे. दुसरी कुठलीही नाही.