फाटकबाईंची तक्रार

फाटकबाई सरकारला शुद्धलेखन शिकवतात. फुकट, मोबाइलवरून. आणि सरकारच्या वतीने त्यांचा विद्यार्थी मी.

म्हणजे मी सरकार नव्हे. नागरिकांनी मोबाइलवरून तक्रारी करायच्या, असं एक अ‍ॅप आहे. खड्डा, बंद दिवा, तुंबलेलं गटार, जे असेल त्याचा फोटो काढून पाठवायचा. त्यांना उत्तरं देण्याचं काम एका कंपनीने घेतलंय आणि त्या कंपनीत मी कंत्राटावर आहे. गावाकडे आई मात्र 'आमचा स्वप्नील पुण्यात सरकारात आहे' असं सांगते. मीही तिचा गैरसमज दूर करण्याची घाई केलेली नाही.

काम सोपं. तक्रार कुठल्या तरी खात्याकडे ढकलायची आणि काही दिवसांनी एक तयार वाक्य चिकटवायचं: 'आपल्या तक्रारीचे निराकारण झाले आहे.' झालंय की नाही हे बघायला मी कधी खुर्चीतून उठलो नव्हतो. खुर्ची फार चांगली आहे, चाकांची.

फाटकबाईंची तक्रार कर्वेनगरातून आली. 'गटाराचे काम संपले. सिमेंटचा एक मोठा पाइप आमच्या दारासमोर उरला आहे. आठवण म्हणून ठेवला असल्यास तसे कळवावे.'

मी वाक्य चिकटवलं. लगेच उत्तर आलं: 'पाइप जागेवर आहे. निराकरण या शब्दात काना एक असतो, आपण दोन दिले आहेत. पाइप झेपत नसेल तर आधी जास्तीचा काना उचलावा.'

ते वाक्य मी कित्येक महिने अख्ख्या पुण्याला पाठवत होतो. कुणी काही बोललं नव्हतं, तेव्हा मला वाटायचं, लोक समाधानी आहेत.

साहेब म्हणाले, "बाईंना फोन कर. गोड बोल आणि मिटव." मी ठेवणीतला आवाज काढला.

"अहो, म्हणजे तुम्ही माणूस आहात?" पलीकडून प्रश्न आला. "मला वाटलं यंत्र. इतक्या सातत्याने चुकायचं म्हणजे माणसाचं काम नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली होती. "पाइप गेलेला डोळ्यांनी पाहिलात?" त्यांनी विचारलं. "नाही ना? मग लिहिलंत कसं?"

'आपली सूचना नोंदवली आहे,' असं म्हणून मी फोन ठेवला.

मग मी तक्रार बंद करायची आणि त्यांनी उघडायची, असा आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. 'पाइपवर आज गाद्या वाळत होत्या. उपयोग सुरू झाला, अभिनंदन.' 'सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर पाइपला धडकली. पाइप सुखरूप आहे.' खरं सांगायचं तर मी सकाळी आल्या आल्या आधी त्यांचंच वाचायचो.

साहेबांना मात्र विनोद कळत नाही. "कंत्राट नव्याने होतंय," ते म्हणाले. "ही तक्रार राहिली, तर तू राहणार नाहीस."

मी पहिल्यांदा खुर्चीतून उठलो. या खात्याने त्या खात्याकडे पाठवलं, त्या खात्याने या. माझीच पद्धत मला सहन होईना. शेवटी एक क्रेन मिळाली. पाइप उचलल्याचा फोटो काढायचा होता, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून क्रेनमागोमाग कर्वेनगरात पोहोचलो.

पाइपसमोर छत्री आडवी धरून एक किडकिडीत बाई उभ्या होत्या.

"फाटकबाई? मी स्वप्नील, अ‍ॅपवाला. पाइप न्यायला आलोय!"

"आज नाही."

"अहो, तक्रार तुमचीच आहे!"

"वाकून बघा."

वाकलो. आत एक तांबडी कुत्री अंगाचं वेटोळं करून पडली होती आणि तिच्या पोटाशी मिटल्या डोळ्यांची पिल्लं चुळबुळत होती. कुत्री माझ्यावर गुरगुरली.

"पिल्लं कडेला ठिवू की मावशी, त्यात काय हाय?" क्रेनवाला म्हणाला.

"बाळंतीण आहे ती," फाटकबाई म्हणाल्या. क्रेनवाल्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

"माझी नोकरी जाईल हो," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून फोन काढला, चष्मा सावरला आणि तक्रार मागे घेतली. "झालं तुमचं काम."

"आणि पाइप?"

"कुठला पाइप?" त्या पाइपला पाठ टेकून म्हणाल्या. "मला तर काही दिसत नाही."

माझी नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच सोसायटीच्या सेक्रेटरींची तक्रार आली: पाइप हटवावा, तसंच तिथे बसून कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एका महिलेला समज द्यावी. संध्याकाळी मी समज द्यायला गेलो.

फाटकबाई पाइपच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर दूध-पोळीचं ताट. अ‍ॅपवर चार ओळींच्या वर कधी न गेलेल्या बाई कुत्रीशी अखंड बोलत होत्या. मंडईत गवार काय भावाने मिळाली, कुणाच्या घरी कोण आलं, गुडघा कालपासून कसा धरलाय. कुत्री ताटाकडे बघायची आणि बाईंवर गुरगुरायची.

मला बघून त्यांनी गुडघ्याचं अर्धवट सोडलं. मग हळूच म्हणाल्या, "यांचे डोळे कधी उघडतात हो? मला यातलं काही माहीत नाही. घरात कधी कुणी नव्हतंच."

मलाही माहीत नव्हतं. मी तिथूनच आईला फोन लावला.

"दहा-बारा दिवस लागतात, आई म्हणते," मी सांगितलं. "आणि कुत्री खात असताना फार जवळ बसू नका."

"असं होय," फाटकबाई म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आवाज होऊ न देता खुर्ची उचलली आणि चार पावलं मागे नेऊन ठेवली.

कुत्री ताटाशी आली.