कॉलरीसाठी केलेल्या पर्यायस्वारीची हकीकत

प्रथम देवास नमस्कार, मग सत्यास, आणि मग जागा उरल्यास घरधन्यास. वर्तमान ऐसे जे, शिंपीणबाईंचे घरी पुढील खोलीत शिवणाचे ठाणे आणि मागील खोलीत त्यांचे यजमान, संगणकाधीश, यांचा दरबार. यंत्र युनिक्स घराण्यातील. परक्याने लिहिलेला प्रोग्राम तयार घेणे यजमानांचे मते हलके. त्याचा मूळ मजकूर आणावा आणि आपले यंत्रावर स्वहस्ते बांधवावा, हा त्यांचा बाणा.

ते दिवशी पाच वाजता वकीलबाई कोट घालून पाहण्यास येणार, दुसरे दिवशी त्यांची पहिली पेशी, आणि कोटास कॉलर नाही. कॉलरीचा आराखडा यंत्रात कैद. तो उघडणारा प्रोग्राम यजमानांनी आदले दिवशीच जुना म्हणोन बरखास्त केलेला. सबब सकाळी शिंपीण बाईसाहेबांनी फर्मान सोडले की, दुपारपर्यंत कॉलर कागदावर छापून हजर करावी, न केल्यास यंत्राची रवानगी भंगारात होईल.

मग यजमान नव्या प्रोग्रामाचे स्वारीस निघाले. बांधणीचे आरंभी पर्यायांचा तक्ता पुढे आला: छपाई हवी काय, आवाज हवा काय, परमुलखीच्या भाषा हव्यात काय, जे हवे त्यापुढे खूण करावी. यजमानांचा स्वभाव ऐसा की, फुकट मिळते तर राहू द्या. त्यांनी झाडून साऱ्या खुणा केल्या. मग आवाजाने आपले पंचवीस सरदार, म्हणजे मदतीचे प्रोग्राम, बांधणीस बोलाविले, भाषांनी चाळीस, आणि प्रत्येक सरदार आपआपला तक्ता घेऊन दारी उभा राहिला, आणि एक कॉलर पाहण्यास गाणे वाजविण्याचा सरंजाम जमू लागला.

मग यजमान जेवावयास गेले आणि जेवणावर बहुत निद्रा केली. परतोन पाहतात तो बांधणी ठप्प. त्यांनी पहिला घास घेतला न घेतला तोच नवा तक्ता येऊन उभा राहिला होता, आणि उत्तराची वाट पाहत दोन तास निमूट बसला होता. वाजले अडीच. बाईसाहेब दारात येऊन म्हणाल्या, "अहो, हे यंत्र आहे की नवी सून? मीठ घालू का म्हणून विचारायला पातेलं उतरवून बसलंय."

कोपऱ्यात यजमानांच्या मातोश्री सुया ओवीत होत्या. त्यांची नित्य व्रते दोन: रोज एक गोष्ट सोडणे, आणि बारा ते चार मौन. मौनापूर्वी, काय विचारायचे ते आत्ताच विचारून घ्या, ऐसी घरात दवंडी पिटण्याचा त्यांचा शिरस्ता. त्यांनी शिवणाचा खडू उचलला आणि काळ्या चिंधीवर आज्ञा लिहून दिली की, सगळे प्रश्न आधी विचारून घे, मग बांध. आणि नको ते सोड.

यजमानांचे डोळे उघडले. यंत्र एकदा केलेली खूण नातेवाइकांसारखी मनात धरून बसते, म्हणोन आधी जुन्या खुणांचे दप्तर जाळले, आणि एका हुकुमाने सारे तक्ते आरंभीच हजर करविले. मग वैराग्याचा झटका ऐसा आला की, दिसेल ती खूण पुसली. मग बांधणी चालली, वाटेत कोणी तोंड उघडले नाही, आणि चारास कॉलर पडद्यावर प्रकटली. यजमानांनी छापण्याचा हुकूम केला. प्रिंटर ढिम्म. छपाईचीही खूण पुसली गेली होती.

तोच मातोश्रींचे मौन सुटले. त्या हळूच म्हणाल्या, "मी रोज एक गोष्ट सोडते. ह्यानं एका दिवसात सगळ्या सोडल्या."

फेरबांधणीस दीड तास. वेळ उरला एक. मग बाईसाहेबांनी मापाची टेप पडद्याचे काचेस लावली. "मोठं करा," त्या म्हणाल्या. "अजून. जरा कमी. हं, इंचाला इंच आला. आता हात लावू नका कशाला." कॉलर घडीवर अर्धीच बेततात, म्हणोन ती काचेत मावली. मग पातळ कागद काचेवर धरला, यजमानांनी कोपरे दाबून श्वास रोखला, आणि बाईसाहेबांनी पेन्सिलीने कॉलर गिरवून घेतली, आणि कापली, आणि कच्ची टाचली.

पाचास वकीलबाई आल्या, कोट चढविला, मान डावीउजवीकडे फिरविली, आणि कॉलर बसली ऐसा निवाडा दिला. सबब फत्ते जाहली, यंत्राचा भंगारवास टळला, आणि यजमानांस कागदधरे हा किताब बहाल जाहला. छपाईची खूण उदईक मातोश्रींचे समक्ष करावी, ऐसे ठरले. मातोश्रींचे त्या दिवशीचे सोडणे राहिले होते. त्यांनी दिवा लावताना लेकाला शहाणपण येईल ही आशा सोडली, आणि व्रत पुरे केले. हे दप्तरी नमूद असे.