एकतीस गुन्हेगार कौलं

वरच्या खोलीत एकूण अकरा भांडी होती. चार पातेली, दोन बादल्या, दोन पराती, एक कढई, एक उभ्या कडांचा डबा आणि आत्या कवळी ठेवते ती वाटी. प्रत्येकात वेगळ्या सुरात पाणी टपकत होतं. त्या मैफलीच्या मधोमध, खाटेच्या एकुलत्या एक कोरड्या कोपऱ्यावर, नुकतीच पदवी घेतलेली घरातली लेक पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि रागाने धुमसत होती.

राग पावसावर नव्हता. पाऊस आपलं काम चोख करत होता. राग छपराच्या मिस्त्रीवर होता!

मिस्त्री सकाळी येऊन गेला. दारातच थांबला, मान वर केली, जिभेने च्यक् केलं आणि म्हणाला, "पत्रा टाका."

चार सेकंद! तिने मोजले होते. ना शिडी, ना टेप, ना एक प्रश्न! डॉक्टर निदान नाडी तरी धरतो!

"अहो, पण गळतंय कुठून ते तर बघा!"

"बघायचं काय त्यात, ताई? जुनं छप्पर आहे, गळणारच."

"याला निदान म्हणत नाहीत, मिस्त्री. याला अंदाज म्हणतात!"

"बरं," मिस्त्री शांतपणे म्हणाला, "मग अंदाजे रविवारी येतो."

बाबांनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "रविवारपर्यंत तू गळती शोधून दाखव, शास्त्रज्ञबाई. नाही जमलं तर पत्रा. पत्र्याखाली नुसती भट्टी होते, तेव्हा ती खोली अडगळीला. आणि तू खाली, आत्याजवळ."

आत्या झोपेत बोलते. तेही चाललं असतं, पण ती उत्तराची वाट बघते!

दोन दिवसांत तिने छपराबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आत्याला पकडलं. "हे बघ, मधला उंच कणा म्हणजे आढं. आढ्यापासून खाली उतरतात ते वासे, छपराच्या बरगड्याच म्हण. वाशांवर आडव्या ठोकतात त्या पट्ट्या म्हणजे रिपा. कौलाला मागे एक नाक असतं, ते रिपेला अडकतं. कडेला खाच असते, ती शेजारच्या कौलात बसते. आणि खाली पाणी वाहून नेते ती पन्हळ."

"माझ्या कवळीसारखंच की," आत्या म्हणाली. "एक दात हलला की सगळं खटखटतं. ती वाटी परत कधी देणार आहेस?"

शनिवारी उघडीप मिळाली. ती ओढणी कमरेला बांधून छपरावर चढली. शिडी आढ्याला अडकवली, पाण्याची बादली आढ्यावरच्या दांड्याला हाताशी टांगली, खडूने कौलांवर नंबर घातले. प्रयोग साधा होता. एका कौलावर एक तांब्या पाणी ओतायचं. खाली बाबा भांड्यांमध्ये वही घेऊन बसणार. थेंब पडला की ओरडणार. कौल दोषी!

"सात नंबर!"

"पडला!"

"आठ!"

"हाही पडला! अगं, वाटीतसुद्धा पडला!"

दुपारपर्यंत एकतीस कौलं दोषी ठरली. तिने ती एकेक करून उपसली आणि अंगणात उतरवली. पुन्हा चुकून कोणी वर चढवू नयेत म्हणून स्वतःच्या हाताने हातोडीने फोडली. मग ऐटीत बाबांना दुकानात पाठवून नवी एकतीस मागवली.

नवी कौलं बसेनात! साचा वेगळा, खाचा वेगळ्या. जुन्या कौलाशेजारी नवं ठेवलं की ते मान वाकडी करून घसरायचं. तिने दाबून पाहिलं, उलटं करून पाहिलं, दुकानदाराच्या नावाने बोटं मोडून पाहिली. एकतीस भोकांमधून बाबांचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. कुठल्याच तुकड्यात कौतुक नव्हतं.

आभाळ भरून येऊ लागलं. बाबांनी मिस्त्रीला एक दिवस आधीच बोलावलं.

मिस्त्री वर आला. भोकं पाहिली, अंगणातला चुरा पाहिला. या वेळी च्यक्सुद्धा केलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

"प्रयोग शास्त्रशुद्ध होता!" ती म्हणाली. "एकतीस वेळा थेंब पडलाय, वहीत नोंद आहे!"

"पडणारच. पाणी सरळ खाली येत नाही, ताई. आढ्यावरून चालतं, वाशावरून उतरतं, मन मानेल तिथे टपकतं." त्याने आजूबाजूला नजर फिरवली. "बादली कुठे टांगली होतीत?"

"या दांड्याला. का?"

"तांब्या बुडवताना सांडत होती?"

"थोडीशी. दर वेळी. त्याचा काय संबंध?"

मिस्त्री दांड्याजवळ वाकला. दांड्याच्या टोकाला पाऊस मोजायचं नळकांडं होतं आणि तळाशी बोटभर जाडीचा खिळा होता. आढ्यावरचं कौल त्या खिळ्याने आरपार फोडलं होतं. त्याने तांब्याभर पाणी नेमकं तिथे ओतलं आणि थांबला. जरा वेळाने खालून बाबा ओरडले, "पडला! अकराही भांड्यांत!"

"पत्र्याची गरजच नव्हती," मिस्त्री म्हणाला. "चुकलं माझं. एका कौलाचं काम होतं." मग खिळ्याकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "हे कोणी ठोकलं?"

उत्तर खालून आलं.

"तिनेच! गेल्या वर्षी!" आत्या अंगणातून ओरडली. "मी म्हणत होते, अंगणात लाव. तर म्हणे, उंचावर नोंद अचूक येते!"

जुन्या साच्याची कौलं आठ दिवसांनी मिळणार होती. मिस्त्रीने खिळा उपसला आणि नळकांडं तिच्या हातात दिलं. तिने ते अंगणात रोवलं. मिस्त्री ताडपत्री आणायला गेला, आणि तो परत यायच्या आत पाऊस आला.

संध्याकाळी सहा वाजता तिने वहीत नोंद केली. अंगणात बारा मिलीमीटर. वरच्या खोलीत, उभ्या कडांच्या डब्यात, साडेअकरा. आत्याच्या खोलीत शून्य.