परबभाऊजींची तेलाची फेरी

परबभाऊजींकडे कुणी गेलं की ते आधी बोट पुढे करतात. त्या बोटावर त्यांच्या ट्रकच्या इंजिनातलं काळंकुट्ट तेल असतं. "हुंगा," म्हणतात. वर्गणीवाले, पत्रिका द्यायला आलेले, गॅसचा सिलेंडर आणणारा, सगळ्यांनी हुंगलंय. मुलाच्या, मिलिंदच्या, लग्नाची बोलणी करायला व्याही आले, त्यांनीही हुंगलं. ते शिंकले. "नाक चांगला आसा," म्हणत भाऊजींनी सोयरीक पक्की केली.

आमची मुलुंडची सोसायटी जुनी, आणि भाऊजींचा ट्रक तिच्याहून फार काही तरुण नाही. आकाराने तो टेम्पोच, पण तसं म्हणायची सोय नाही. म्हटलंत तर भाऊजी आठवडाभर तुमच्याशी बोलत नाहीत. एके काळी ह्याच ट्रकमधून ते गोरेगावच्या स्टुडिओंत सिंहासनं आणि थर्माकोलचे खांब पोचवायचे. पण त्याचं तेल आजवर दुसऱ्या कुणी बदललेलं नाही. गॅरेजचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं सुरू होतं. "गॅरेजवालो काय करता? जुना तेल अर्धा आत ठेवता नि वरसून नवा ओतता. पावण्याक शिळ्यार ताजा वाढल्यासारखा."

मी तिशीत होते तेव्हा मला ह्या प्रकाराचा भारी राग. मी तेव्हा कडक इस्त्रीच्या साड्या नेसायचे, मराठी बातम्या वाचणाऱ्या बायकांसारखी बोलायचे आणि सोसायटी माझ्याच जिवावर चालते असं समजायचे. एका रविवारी अंगणातल्या तेलाच्या डागांबद्दल बोलायला मी तावातावाने खाली उतरले. ट्रकखालून फक्त दोन पावलं दिसत होती. त्या पावलांना मी नागरिकांच्या कर्तव्यावर भाषण दिलं. पावलं मन लावून ऐकत होती. मी अगदी रंगात आले तेवढ्यात खालून एक काळा हात आला. "वैनी, तो मोठो पानो सरकवा हयसर."

आणि मी बया पाना शोधायला लागले. मोठा कुठला, छोटा कुठला, काही कळेना, म्हणून सगळे एकेक करून दिले. ह्या गडबडीत माझा पदर तेलाच्या घमेल्यात जाऊन बसला. "डिझेलान निघता," असा सल्ला खालून आला. निघालं, पण साडीला पुढे कायम डिझेलचा वास राहिला. आमचे हे त्या साडीला 'एसटी' म्हणायचे.

तेव्हापासून भाऊजींच्या तेलावर मी बोलणं सोडलं, पाने मात्र ओळखायला शिकले.

आता भाऊजींनी सत्तरी ओलांडली. धंदा कधीच बंद केला, ट्रक मागच्या बाजूला उभा असतो. तरी तेल बदलणं थांबलेलं नाही, उलट वाढलंय. "अहो, उभ्या ट्रकचं तेल इतक्यांदा कसं खराब होतं?" मी विचारलं. "उभ्या ट्रकाचाच लवकर बिघडता," म्हणाले. बदलायच्या आधी ट्रक फिरवून आणतात, कारण तेल गरम व्हावं लागतं. "थंड तेल तळाक चिकटान रवता."

मध्यंतरी एकदा तेल काढताना त्यांची पाठ धरली, बाहेरच येता येईना. एक पाय वॉचमनने धरला, एक मी. ओढलं तर माझ्या हातात नुसती चप्पल. "वैनी, चप्पल ठेवा, माका ओढा," असा आतून आवाज. हसण्याने माझाच जोर गेला.

हे ऐकल्यावर मिलिंद ठाण्याहून आला आणि त्याने गॅरेजवाल्याला ठरवून टाकलं. तो रविवारी येणार, ट्रक घेऊन जाणार, तेल बदलून आणून लावणार. भाऊजींना फक्त चावी द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा पुढे तसाच. बोट पुढे केलं नाही.

"आता पुरे की भाऊजी," मी म्हटलं. "पाठ काय नवी मिळणारे?"

"तेल बदलूक दुसरो येतलो, कबूल. पण गरम कोण करतलो?"

"तोच करेल की, नेता नेता."

"तो एकटोच जातलो."

मला कळेना. मग हळूहळू बाहेर आलं. त्यांची बायको शालन न्हाणीत पडली त्याला आता बरेच महिने झाले. हाड जुळलं, पण भीती बसली, ती घराबाहेर पाऊल टाकीना. डॉक्टर म्हणतात बाहेर न्या. मिलिंदने एसीची गाडी दारात आणली तर म्हणाली, "उगाच कित्याक जाव? काम काय आसा?" जन्मात ती बाई कामाशिवाय कुठे गेलेली नाही. बाजार, गिरणी, दवाखाना, संपलं.

"म्हणान मी तिका काम दिलंय," भाऊजी चहाकडे बघत म्हणाले. "सांगलंय, माझे कान गेले. इंजिनाचो आवाज माका कळणा नाय. तू बाजूक बसान नाय ऐकलंस तर ट्रक बंद पडतलो."

आणि ह्या माणसाला दोन मजले खालून माझ्या कढईतली फोडणी ऐकू येते.

मी मिलिंदला फोन लावला. म्हटलं, "तेल गॅरेजवालाच बदलेल. पण ट्रक तिथपर्यंत तुझे बाबाच नेतील, आणि दर महिन्याला."

"दर महिन्याला? काकू, पण का?"

"विचारू नकोस. विचारलंस तर तू नववीत असताना जिन्यात काय करायचास ते सूनबाईला सांगेन." लगेच हो म्हणाला.

रविवारी शालन चांगलं लुगडं नेसून कठडा धरत खाली आली. भाऊजींनी केबिनखाली स्टूल ठेवलं, तिला हात दिला. ट्रक सुरू झाला. गॅरेज आमच्या फाटकातून डावीकडे, दिसण्याच्या अंतरावर. भाऊजींनी ट्रक उजवीकडे, आरेच्या रस्त्याला घातला आणि मला ओरडून सांगायला लागले की आज गॅरेजवाल्याच्या डोक्यावर उभा राहून जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत...

"गप बसा हो जरा," शालन म्हणाली. इंजिनाकडे कान लावून, कपाळाला आठ्या घालून ती बसली होती. "माका ऐकूक येणा नाय."

भाऊजींनी वाक्य तिथेच सोडून गिअर बदलला.