म्हात्रेच्या रोलात बाप नाही

दत्ता म्हात्रेने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण डोंबिवलीत माझ्याबद्दल नेहमी उलटंच ऐकू येतं. हातगाडीवर वाट्या-चमचे विकता विकता मी भांड्यांचं दुकान उभं केलं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो कुठपर्यंत खाली येईल ते मला कळतं. आणि अशा मला फसवलं कोणी? तर धुळीत पोटावर पडून लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या माणसाने.

पोटावर म्हणजे खरोखरच पोटावर. ठाकुर्लीच्या माळावर तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, माणूस चक्कर येऊन पडलाय. मी धावत गेलो, खांद्याला धरून हलवला, तर मान न वळवता म्हणाला, "सावली परली तुझी. बाजूला हो, दादूस."

समोर एक पोर माती चिवडत बसलं होतं, आणि हा हनुवटी जमिनीला टेकून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला होता.

"उठून काढा की," मी म्हणालो.

"उभ्याने काढला तर निसता टालू येतो फोटूत. जेवढा पोर, तेवढा कॅमेरा."

मला, दुकानाच्या मालकाला, पहिल्याच भेटीत अरेतुरे. पण तो सगळ्यांनाच तसं बोलायचा, डॉक्टरलासुद्धा. म्हात्रे इथला मूळचा, आगरी. त्यांची जमीन बिल्डरने घेतली तेव्हा भावांनी बंगले बांधले, गाड्या आणल्या. ह्याने एक जुना कॅमेरा आणला. लग्न केलं नाही. गावातल्या जुन्या घराची एक खोली आपल्याकडे ठेवली आणि मुलांचे फोटो काढत हिंडू लागला. स्टुडिओ नाही, पडदा नाही, प्लॅस्टिकची फुलं नाहीत. "पोर झाराखाली जसा दिसतो तसा लाइटीखाली दिसत नाय," एवढं त्याचं शास्त्र.

कॅमेऱ्याची काच अंधुक झाली होती, त्यातून फोकस नीट दिसायचा नाही. म्हणून त्याने कॅमेऱ्याला एक सुतळी बांधली होती, तिला गाठी मारलेल्या. सुतळीचं दुसरं टोक आईने पोराच्या नाकाला लावायचं, कितव्या गाठीवर ताण येतो ते म्हात्रेने बघायचं, आणि त्याप्रमाणे लेन्स फिरवायची. निम्मी पोरं सुतळी तोंडात घालायची. त्याला त्याचं काही नव्हतं. "डोला साफ आला पायजे. बाकी दुनिया धुक्यात जाऊ दे."

आणि कोणी "हस बाळा, हस" म्हटलं की तो कॅमेऱ्यावर झाकण लावायचा. "सर्कशीतला अस्वल हाय का तो? हसंल त्याला वाटंल तवा." मग सगळ्यांनी वाट बघायची. एकदा एका इन्स्पेक्टरला त्याने असं ताटकळत ठेवलं होतं.

अशा माणसाकडे मी जाण्याचं कारण नव्हतं. माझ्या चुलतभावाने गल्फमधून कॅमेरा आणला होता, तो मी मागून घेतला आणि आमच्या सोनालीचे फोटो स्वतःच काढले. ती तेव्हा चार वर्षांची. धुऊन आले ते बघून बायको म्हणाली, "अहो, ही आपलीच ना?" चेहरा पुसल्यासारखा, पाय घोट्यापासून छाटलेले, आणि पोरीच्या डोक्यातून मागच्या पॉवर हाउसचं धुरांडं निघालेलं.

माझी निकड वेगळी होती. माझे सासरे साताऱ्याला. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जावईबापूंना दुकानातून वेळ मिळाला, तर त्यांना मुलगी आहे हे त्यांच्या लक्षात येईल." ते मला झोंबायचं. त्यांच्या भिंतीवर लागेल असा एक फोटो मला हवा होता. नवा सफारी घातलेला मी, आणि माझ्या कडेवर सोनाली. ह्या एका फोटोसाठी मी म्हात्रेला दुकानात बोलावलं.

त्याने पैशाची गोष्टच काढली नाही. रोल दमट हवेत खराब होतात म्हणून त्याला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा हवा होता. मी म्हटलं, डबा देतो, पण त्याबदल्यात पूर्ण रोल, आणि त्यात मी दिसलो पाहिजे.

"तू नसलास तर फोटू व्हईलच कसा?" म्हात्रे म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवा. इथे मी फसलो.

सोनालीच्या वाढदिवसाला रविवार होता. मी सकाळी थोडा वेळ दुकान उघडून मग सोनालीला घेऊन माळावर पोचलो. म्हात्रे पोटावर पडून वाट बघत होता.

"ही काय यायची येल झाली? ऊन डोक्यावर आलं. पोरीच्या डोल्याखाली खड्डे परतील." मग त्याने पिशवीतून एक पांढरं धोतर काढलं. "धर, दादूस. दोनी हात वर. पोरीवर सावली पारायची."

मी धरलं. मला वाटलं, मिनिटभराचं काम.

"माझा नंबर कधी?"

"येईल. आधी पोर."

सुतळी म्हात्रेनेच नाकाला लावली. सोनालीने ती ओढली. म्हात्रे सापासारखा मागे सरकला. "दादूस, झुकव. आता वर. अरं, हलू नको, तू काय झार हायस का?"

"झाड हलत नाही!" मी ओरडलो.

"मग झारासारखा उभा ऱ्हा."

सफारी घामाने पाठीला चिकटला. रस्त्यावरून आमचंच एक गिऱ्हाईक चाललं होतं, ते थांबून म्हणालं, "शेठ, धोतर वाळत घालताय?" मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते ऐकून सोनाली जी हसायला लागली ती थांबेचना. मी जेवढा तापत होतो तेवढी ती हसत होती. म्हात्रे पटापट बटण दाबत होता.

"झाला. रोल संपला."

"संपला म्हणजे? आणि मी?"

"तू व्हतास की. तुझ्याबिगर एक पन फोटू आला नसता."

फोटो आले. खोटं कशाला बोलू, तसे फोटो मी आधी कधी पाहिले नव्हते. तिच्या पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा. डोक्यातून धुरांडं नाही, खांब नाही, मागे नुसता हिरवा धूसर रंग. आणि मी? कुठेच नाही. बायकोने मला न विचारता त्यातला एक साताऱ्याला धाडला. सासऱ्यांचा निरोप आला: फोटो सुरेख. जावईबापू दुकानात होते वाटतं?

त्या दुपारी मी म्हात्रेच्या खोलीवर चालून गेलो. दार उघडंच होतं, तो भाकरी खात होता. मी तोंड उघडलं आणि माझी नजर भिंतीवर गेली.

मला वाटलं होतं, भिंतभर मुलांचे फोटो असतील. एकही मूल नव्हतं. सगळे बाप होते. कोणी धोतर धरलेला, कोणी छत्री, कोणी चादर. उन्हात डोळे बारीक केलेले, घामाघूम, वैतागलेले, आणि झाडून सगळे खाली, चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी बघणारे. त्यांत मीही होतो. तोंड शिवीसाठी उघडलेलं, पण डोळे मात्र सोनालीवर.

"हा कधी काढलास? रोल माझा होता! उतरव तो खाली."

"रोलच्या शेवटाला कवा कवा एक फोटू जास्ती निघतो. तो मी मना ठेवतो." त्याने हात धुतले. "आमचा बाप मिठागरात व्हता. माय मीठ वढायची, मना टोपलीत ठेवायची, आन् बाप फरका धरून माज्यावर सावली करायचा, असं माय सांगायची. मी लहान व्हतो तवाच गेला तो. फोटू नाय. तोंड आठवत नाय." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "यांच्यातला कोन तरी तसा दिसत असंल."

मी चपला काढून आत बसलो.

"तापट व्हता म्हनं," तो माझ्या फोटोकडे बघून म्हणाला. "म्हून तुला बिछान्याच्या समोर लावलाय."

मी भांडायला गेलो होतो, चहा पिऊन परत आलो. फोटो तिथेच राहिला. आणि पुढे दर वाढदिवसाला सोनालीला घेऊन मी माळावर जात राहिलो. दर वर्षी म्हात्रे म्हणायचा, "धर, दादूस," आणि दर वर्षी मी धरायचो.

नंतर त्या जुन्या घराच्या जागी इमारत आली. म्हात्रे भिंतीवरचे सगळे बाप उतरवून मोहने गावात पुतण्याकडे राहायला गेला. आता सोनाली कॉलेजात आहे. परवा तिने आल्बम पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटला आणि मला विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्या एकाही वाढदिवसाला नव्हतात?"

मी सांगितलं, मी होतो, धोतर धरून उभा होतो. ती हसली. "काहीतरीच! तुम्ही? धोतर धरून?"

तेव्हा म्हात्रे, हे कोणी तुला वाचून दाखवलं तर नीट ऐक. फोटो मी मागत नाही. तो तुझ्या बिछान्यासमोर राहू दे. पण तो काखोटीला मारून एकदा डोंबिवलीला ये, माझ्या मुलीसमोर उभा राहा, आणि तिचा बाप कुठे होता ते तुझ्या तोंडाने सांग. माझं ती ऐकत नाही. ह्याचा जाब तुलाच द्यावा लागेल.