आत्याचा पुतळा

"माणूस खोटं बोलतो, टेप खोटं बोलत नाही!" मास्तरने जेवताजेवता हे जाहीर केलं, तेव्हाच खरं तर घरातल्यांनी त्याच्या गळ्यातली टेप काढून घ्यायला हवी होती.

मास्तर म्हणजे या घरातला एकुलता एक मुलगा. विद्यापीठात फॅशन डिझाइन आणि मर्चंडायझिंग शिकत होता. म्हणजे कपडा बेतायचा कसा आणि तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा कसा, दोन्ही! घरचे त्याला मास्तर म्हणायचे आणि तो भडकायचा.

"मी शिंपी नाही, डिझायनर आहे!"

"बरं, मास्तर," बाबा म्हणायचे.

तसा तो भडकायला निमित्तच शोधत असायचा, पण यंदा त्याचा राग अगदीच वावगा नव्हता. 'खरा ग्राहक' या विषयात तो गेल्या वर्षी सपशेल आपटला होता. एक जिवंत माणूस धरायचा, त्याच्या अंगाचा कोट शिवायचा आणि परीक्षेच्या दिवशी त्या माणसाने तो कोट घालून परीक्षकांपुढे उभं राहायचं. संधी दोनच. पुन्हा आपटला, तर चार वर्षं पाण्यात!

यंदा त्याने आत्याला धरलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. राहायची त्यांच्याकडेच, आणि एका कचेरीत फायलींवर राज्य करायची. मास्तरने तिची बावीस मापं घेतली आणि वहीत लिहिली.

"दोनदा तरी त्यांच्या अंगावर घालून बघ," शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं. "आणि त्यांच्याशी बोल. काय हवंय ते विचार."

"विचारायचं काय त्यात? मापं आहेत ना!"

मग त्याने विद्यापीठातून कपडे बेतायचा एक पुतळा घरी आणला. पुतळा होता सडपातळ. मास्तरने वही उघडली आणि जिथे आत्या जास्त होती तिथे तिथे कापूस भरला. पोटावर भरला, कमरेवर भरला, पाठीला दोन वळ्या दिल्या, वरून घट्ट खोळ शिवली आणि पुतळा बैठकीच्या खोलीत उभा केला. संध्याकाळी आत्या कचेरीतून आली.

"हे काय?"

"तू!"

"मी?"

"तंतोतंत! अर्ध्या सेंटिमीटरचा फरक नाही!"

आत्याने पुतळ्याला एक फेरी मारली. पाठीमागे ती जरा जास्तच वेळ थांबली.

"हटव."

"चार आठवडे नाही हटवता येणार! परीक्षा आहे माझी!"

इथवरही निभावलं असतं. पण धूळ बसू नये म्हणून मास्तरने पुतळ्यावर आत्याचीच शाल टाकली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा चष्मा न लावता खोलीत आले.

"ताई, जरा पेपर दे गं," बाबा पुतळ्याला म्हणाले. उत्तर येईना, तेव्हा म्हणाले, "रागावलीस का?"

दारात खरी ताई उभी होती. "त्याला डोकं नाहीये!"

"पाठमोरा होता गं," बाबा चाचरले. "मागून अगदी तूच!"

त्यानंतर दोन दिवस आत्याने जेवणाचं ताट आपल्या खोलीत नेलं. तिसऱ्या दिवशी तिने मास्तरच्या शिलाईच्या खुर्चीवर एक छोटी उशी आणून ठेवली. "बसून बसून पाठ धरेल तुझी," एवढंच म्हणाली. मास्तरला अगदी भरून आलं. राग गेला वाटतं बिचारीचा!

आणि त्याच आठवड्यात पुतळ्यावर चढवलेला कोट कमरेत सैल पडायला लागला. मास्तरने शिवण आत घेतली. चार दिवसांनी पुन्हा सैल! पुन्हा आत घेतली. मग तो तडक कापडवाल्याकडे गेला.

"तुमचं कापड ताणतंय!"

"लोकरीचं कापड आहे, रबराचं नाही!" कापडवाला म्हणाला. "आटलं तर माझ्याकडे या."

मग तो आईवर घसरला. "तू इस्त्री केलीस का कोटाला?"

"मी तुझ्या कोटाला हात लावायला वेडी आहे?"

मास्तरने सगळ्या जगाशी भांडण काढलं, पण पुतळा पुन्हा मोजावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. मोजलेलं काय मोजायचं! तो तणतणत शिवणी आत घेत राहिला. त्यातल्या त्यात सुख एकच होतं. आत्या अधूनमधून उशीची डागडुजी करायची आणि उशी दिवसेंदिवस गुबगुबीत होत होती.

परीक्षेच्या दिवशी मास्तर कोट, पुतळा आणि शकुनाची म्हणून ती उशीही घेऊन गेला. आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंपुढे तिने कोट चढवला, बटण ओढलं, आणखी ओढलं. बटण आणि काज यांच्यात जवळजवळ वीतभर अंतर राहिलं.

"चार आठवड्यांत एवढी जाड झालीस?" मास्तर सगळ्यांदेखत किंचाळला.

"टेप लाव!" आत्या म्हणाली.

त्याने टेप लावली. कमर वहीत होती तेवढीच! मग त्याने टेप पुतळ्याला लावली. पुतळा सात इंचांनी बारीक!

"पुतळे पथ्य पाळतात का हो हल्ली?" परीक्षक बाईंनी विचारलं. आत्या छताकडे बघायला लागली.

"आत्या! तू खोळ उसवलीस?"

"रोज थोडी थोडी. पुन्हा शिवून ठेवत होते."

"का पण? माझी पदवी जाईल आता!"

"अख्ख्या घरादारापुढे मला तसं उभं करायचं, ते मला विचारलंस?" आत्याचा आवाज चढला. "बावीस मापं घेतलीस, एक प्रश्न नाही विचारलास!"

परीक्षक बाईंनी कोट उलटा करून पाहिला. मास्तरने आत घेतलेलं कापड नशिबाने कापलं नव्हतं.

"एक तास देते. उसव आणि सोड. आणि आधी यांना विचार, काय हवंय."

"काय हवंय?" मास्तरने दातओठ खाऊन विचारलं.

"खिसे," आत्या म्हणाली. "मोठे. आणि तो पुतळा माळ्यावर."

"पण एवढा कापूस तू टाकलास कुठे?"

"टाकीन कशाला? चांगला कापूस!"

मास्तर रागारागाने कात्री घेऊन, खुर्चीवर मांडलेल्या शकुनाच्या उशीवर धपकन बसला.

"अरे मेल्या, हळू!" आत्या ओरडली. "कंबर आहे ती माझी!"

मास्तर पास झाला. अगदी काठावर. शेऱ्यात लिहिलं होतं, 'कोट बरा. उशीची शिवण जास्त सरळ.' तो वाचून मास्तरने घर डोक्यावर घेतलं. उशी अभ्यासक्रमातच नाही, म्हणाला, तक्रार करतो! मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने उशी उलटी केली आणि शिवणीला पट्टी लावली.

सरळ होती!